चार तास सदतीस मिनिटे

'उशीर : २३ तास ५ मिनिटे.'

गृहपाठाच्या पानावरचा हा लाल शेरा सावनीने तीनदा वाचला. तिने गृहपाठ रविवारी संध्याकाळी सहा वाजता पाठवला होता. मुदतही रविवारी संध्याकाळी सहाचीच होती. मग जवळजवळ अख्खा दिवस उशीर झालाच कसा?

सावनी चौथीत होती. तिची शाळा मंगळवेढ्याला होती आणि ती स्वतः मंगळावर. तिची आई मंगळावरच्या गेरूवस्तीत हरितगृहाच्या कामावर आली. काचेच्या मोठ्या घुमटाखाली ज्वारी आणि मेथी पिकवायचे ते काम होते. सावनीही आईबरोबर आली. आजोबा तिथे आधीपासूनच राहत होते. ते भूवैज्ञानिक होते (खडकांचा आणि जमिनीचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ). वस्तीत एकशे दहा माणसे होती, पण प्राथमिक शाळेतली सावनी एकटीच. म्हणून तिचे नाव जुन्याच शाळेच्या पटावर ठेवले होते.

शेंडगे बाई दर आठवड्याला गृहपाठ म्हणून एक कृती द्यायच्या. ती दोघादोघांनी मिळून करायची. रोज एक नोंद, सात दिवसांच्या सात नोंदी, आणि शेवटची नोंद झाली की रविवारी सहाच्या आत पाठवून द्यायचे. कधी मोड आलेल्या मटकीची वाढ मोजायची, कधी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला रोज एक प्रश्न विचारायचा. सावनीला या कृती फार आवडायच्या. यानातून येताना सात महिने तिने एकही कृती चुकवली नव्हती, आणि एकदाही लाल शेरा आला नव्हता. यान उतरले त्या रविवारीदेखील गृहपाठ वेळेवर पोचला होता. त्या दिवशी यानातल्या घड्याळात सहा वाजले होते आणि वस्तीच्या भिंतीवरच्या घड्याळातही सहाच. लाल शेरे सुरू झाले ते त्यानंतर.

आज शेऱ्याबरोबर तय्यबचा आवाजही आला होता. तय्यब मुलाणी हा तिचा गृहपाठातला जोडीदार.

"सावने, पाचव्यांदा लाल! माझ्या नोंदी मी वेळेत देतो, पण जोडीला शेरा एकच असतो. माझ्या नावापुढं पण लालच लागतंय. अब्बांनी काल वही बघितली. आणि बाई म्हणाल्या, येत्या रविवारी पण उशीर झाला तर मला दुसरी जोडी देणार. मला नकोय दुसरी जोडी. पण तू तिथं करतेस तरी काय गं?"

सावनीचा चेहरा कानापर्यंत तापला. वस्तीचे सगळे टपाल रोज संध्याकाळी सहाच्या ठोक्याला एकगठ्ठा पृथ्वीकडे सुटायचे. त्या गठ्ठ्यात आपला गृहपाठ आहे ना, हे ती दर रविवारी स्वतः बघायची. आधी तिला वाटले, निरोप पोचायला वेळ लागतो म्हणून उशीर होत असेल. रेडिओलहरी प्रकाशाच्या वेगाने धावतात, तरी मंगळ इतका दूर की पोचायला तेव्हा बारा मिनिटे लागत होती. तिने तसे कळवलेही होते. शाळेच्या गृहपाठ-पेटीकडून ठरीव उत्तर आले : 'प्रवासाची मिनिटे वजा करूनच शेरा दिला जातो.'

आईला सांगायची तिला लाज वाटली. आजोबांनाही तिने काही सांगितले नाही. 'माझी चूक असेल तर ती मीच शोधीन,' असे तिने ठरवले.

सोमवारी सकाळी तिने नवी कृती उघडली. बाईंनी लिहिले होते : 'मोकळ्या जागी एक काठी उभी रोवा. पहिल्या दिवशी दुपारी बारा वाजता काठीची सावली जिथे पडेल, तिथे रेघ मारा. मग रोज सावली त्या रेघेवर नेमकी किती वाजता येते, ते लिहा.'

लहान मुलांना वस्तीबाहेर जायची परवानगी नव्हती. म्हणून सावनीने खलबत्त्याला हाक मारली. खलबत्ता हा आजोबांचा यंत्रमानव. तो बाहेर हिंडून खडक आणायचा आणि ते कुटून त्यांची भुकटी करायचा, म्हणून आजोबांनी त्याला ते नाव दिले होते. तो सावनीच्याच यानातून आला होता.

बाराला पाच मिनिटे कमी असताना खलबत्त्याने खिडकीसमोरच्या तांबड्या मातीत एक सळई रोवली. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजताच सावनी फोनवर ओरडली, "आता रेघ मार!"

खलबत्त्याने सावलीवरून सरळ रेघ ओढली आणि सांगितले, "नोंद केली. मंगळवार, अकरा वाजून पस्तीस मिनिटे."

"मंगळवार? अरे, आज सोमवार आहे. आणि बारा वाजलेत!"

"माझ्या घड्याळात मंगळवार आहे. अकरा पस्तीस."

"तुझं घड्याळ बिघडलंय."

"माझे घड्याळ बिघडलेले नाही," खलबत्ता शांतपणे म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सावली रेघेवर आली तेव्हा भिंतीवर पुन्हा बरोबर बारा वाजले होते. खलबत्ता मात्र म्हणाला, "बुधवार, बारा वाजून चौदा मिनिटे."

सावनीने वहीत दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले. बिघडलेले घड्याळ असेल, तर ते एका दिवसात एकोणचाळीस मिनिटे पुढे गेले होते. तिने आठवड्याचा हिशेब सहज करून पाहिला. एकोणचाळीस गुणिले सात, दोनशे त्र्याहत्तर मिनिटे. म्हणजे चार तास तेहतीस मिनिटे.

चार तास... तिने झटकन मागची पाने उलटली. पाच लाल शेरे तिने रागारागाने वहीत उतरवून ठेवले होते : ४ तास ३७ मिनिटे. ९ तास १४ मिनिटे. १३ तास ५१ मिनिटे. १८ तास २८ मिनिटे. २३ तास ५ मिनिटे.

आजवर तिने प्रत्येक शेरा वेगळा वाचला होता. आता तिने दुसऱ्यातून पहिला वजा केला. चार तास सदतीस मिनिटे. तिसऱ्यातून दुसरा वजा केला. चार तास सदतीस मिनिटे. चौथ्यातून तिसरा, पाचव्यातून चौथा. प्रत्येक वेळी तेच!

आळशीपणामुळे उशीर झाला असता, तर कधी दहा मिनिटे झाला असता, कधी दोन तास. दर आठवड्याला मिनिटाचाही फरक न पडता सारखाच उशीर कोणता आळशी माणूस करील? सावनी वही घेऊन धावतच आजोबांच्या प्रयोगशाळेत गेली.

आजोबांनी शेरे पाहिले, खलबत्त्याचे आकडे पाहिले आणि कपाळावर हात मारला.

"अगं, पाच आठवडे तू एकटीच हे सोसत होतीस? मला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. आम्ही इथं इतकी वर्षं राहतोय, की अंगवळणी पडून गेलंय. आणि दर आठवड्याला पृथ्वीवर गृहपाठ पाठवणारं इथं कुणी नव्हतंच!"

"म्हणजे माझं काय चुकलं, आजोबा?"

"तुझं काही चुकलेलं नाही. मला सांग, दिवस म्हणजे काय?"

"चोवीस तास."

"आणि तास म्हणजे?"

"दिवसाचा चोविसावा भाग," सावनी म्हणाली आणि थबकली. "पण मग हे गोल गोलच फिरतंय. दिवस तासावरून सांगायचा आणि तास दिवसावरून!"

"म्हणून घड्याळ बाजूला ठेवू आणि सूर्याला विचारू. ये, या फिरत्या स्टुलावर बस."

आजोबांनी टेबलावर एक दिवा लावला. "हा सूर्य. तू पृथ्वी. तुझं नाक म्हणजे मंगळवेढं. नाक दिव्यासमोर आलं की मंगळवेढ्याला मध्यान्ह झाली (सूर्य माथ्यावर सर्वांत वर असण्याची वेळ). आता मी तुला फिरवतो. चोवीस अंक मोजायचे."

स्टूल फिरू लागले. सावनीचे तोंड दिव्यापासून वळले, पाठ दिव्याकडे झाली, पुन्हा तोंड समोर आले. बरोबर 'चोवीस' म्हणताना नाक दिव्यासमोर होते.

"या फिरण्याला परिवलन म्हणतात (ग्रहाचं स्वतःभोवती फिरणं). एका मध्यान्हीपासून दुसऱ्या मध्यान्हीपर्यंतचा काळ म्हणजे दिवस. आता तू मंगळ. मंगळ स्वतःभोवती जरा सावकाश फिरतो. मोज, तेवढ्याच वेगानं."

आजोबांनी स्टूल किंचित हळू फिरवले. सावनीने मोजले, "बावीस, तेवीस, चोवीस... आजोबा, नाक अजून दिव्यासमोर आलंच नाही!"

"मग फेरी पुरी कर."

स्टूल आणखी थोडेसे सरकले आणि दिवा समोर आला.

"हे जे राहिलेलं थोडंसं आहे ना," आजोबा म्हणाले, "तेवढा मंगळदिन (मंगळावरचा एक दिवस) पृथ्वीच्या दिवसाहून मोठा."

"पण आपल्या भिंतीवरचं घड्याळ तर चोवीसच तास दाखवतं."

"कारण आम्ही या मोठ्या दिवसाचेही चोवीसच भाग केले. काल आईनं दोन भाकऱ्या केल्या होत्या, एक लहान, एक मोठी. दोन्हींचे चार चार तुकडे केलेस. तुकडे दोन्हीकडे चारच, पण मोठ्या भाकरीचा तुकडा मोठा. तसा इथला प्रत्येक तास पृथ्वीच्या तासाहून थोडासा मोठा आहे. खलबत्ता यानातून आला, त्याचं घड्याळ पृथ्वीचं आहे. ते बरोबर चालतंय आणि भिंतीवरचंही बरोबर चालतंय. दोघं वेगवेगळ्या ग्रहांचे दिवस मोजतायत, एवढंच."

सावनी स्टुलावरून उतरली. "म्हणजे मी सात दिवस मोजते, तोवर तय्यबचे सात दिवस होऊन वर चार तास सदतीस मिनिटं झालेली असतात. पुढच्या आठवड्याला आणखी तेवढीच. ती साठत जातात!"

"अगदी बरोबर. मंगळदिनाचा नेमका आकडा सांगू का तुला? आणि हवं तर शेंडगे बाईंना मीच पत्र लिहितो."

सावनीने मान हलवली. "नको, आजोबा. तुम्ही आकडा सांगितलात तर तो तुमचा. बाईंनी मला मोजायला सांगितलंय. आणि उशिराचे शेरे माझ्या नावावर आहेत, तर पत्रही मीच लिहीन."

 आजोबांनी तिला एक नवी कोरी वही काढून दिली.

बुधवारी सकाळी आकाश गढूळ झाले. लांब कुठेतरी धुळीचे वादळ उठले होते आणि त्याची बारीक धूळ हवेत भरून राहिली होती. सूर्य एखाद्या पुसट डागासारखा दिसत होता. बारा वाजले तरी मातीवर सावली पडली नाही. गुरुवारीही नाही.

"दोन नोंदी बुडाल्या," आई म्हणाली. "आता गं?"

सावनीने वहीतल्या नोंदींवरून बोट फिरवले. मग म्हणाली, "बुडाल्या तरी चालेल. सोमवारची नोंद आहे. शुक्रवारची मिळाली, तर मध्ये चार मंगळदिन गेले हे मला माहीत आहे. एकूण जादा वेळाला चारनं भागलं, की झालं. आणि तेच जास्त चांगलं, आई. सावलीची कड धूसर असते, त्यामुळे बघण्यात अर्ध्या-एक मिनिटाची चूक होते. एकाच दिवसाचा फरक घेतला, तर ती सगळी चूक त्या एका दिवसावर बसते. चार दिवसांचा घेतला, तर तीच चूक चार दिवसांत वाटली जाते."

"पण शुक्रवारीही सावली नाही पडली तर?"

"पडायलाच हवी," सावनी म्हणाली.

शुक्रवारी धूळ थोडी निवळली होती, पण थोडीच. पावणेबाराला खलबत्ता फोनवर म्हणाला, "सावली स्पष्ट नाही. नोंद करता येणार नाही."

"अजिबात नाही, की दिसत नाहीये?"

"फार फिकट आहे. माती खडबडीत आहे. कड सापडत नाही."

सावनी स्वयंपाकघरात धावली. तिथून तिने पांढरे गुळगुळीत ताट उचलले आणि हवाकक्षाच्या (बाहेर जाण्याआधी लागणाऱ्या दोन दारांच्या खोलीच्या) खणात ठेवले. आतले दार बंद झाले, बाहेरचे उघडले. खलबत्ता ताट घेऊन सळईजवळ गेला.

"ताट रेघेच्या मध्यावर ठेव. रेघ ताटावरून पुढं गेली असती तर कुठून गेली असती, तिथं खूण कर. आणि सावली आता मातीवर शोधू नकोस. ताटावर बघ."

खिडकीच्या काचेला नाक लावून ती उभी राहिली. एक मिनिट गेले. दोन गेली.

"ताटावर करडा पट्टा दिसतो आहे," खलबत्ता म्हणाला. "सरकतो आहे. खुणेजवळ आला. आला. शनिवार, चौदा वाजून तेरा मिनिटे."

चौदा तेरा, म्हणजे दुपारचे दोन वाजून तेरा मिनिटे. सोमवारी खलबत्त्याच्या घड्याळात अकरा पस्तीस झाले होते. चार मंगळदिनांत चार पृथ्वीदिवस आणि वर दोन तास अडतीस मिनिटे गेली होती. दोन तास अडतीस म्हणजे एकशे अठ्ठावन्न मिनिटे. भागिले चार. साडेएकोणचाळीस!

मंगळदिन पृथ्वीच्या दिवसाहून साडेएकोणचाळीस मिनिटे मोठा होता. आठवड्याला ती झाली चार तास साडेछत्तीस मिनिटे. लाल शेऱ्यांतला आकडा होता चार तास सदतीस. सावनीने आनंदाने वही छातीशी धरली.

"आता उद्याचीही नोंद घे," आई म्हणाली, "आणि उद्या संध्याकाळच्या टपालानं सगळं पाठव. मुदतीच्या एक दिवस आधीच होईल."

सावनी हो म्हणणार होती, पण तिने आधी गणित केले. यान उतरलेल्या रविवारपासून उद्यापर्यंत एकेचाळीस मंगळदिन. एकेचाळीस गुणिले साडेएकोणचाळीस. ते झाले सत्तावीस तासांना अर्धा मिनिट कमी. आपल्या शनिवारी सहा वाजता मंगळवेढ्याला काय वाजले असतील? शनिवारी सहाच्या पुढे सत्तावीस तास...

"आई! उद्याचं टपाल निघेल तेव्हा तिथं रविवारी रात्रीचे नऊ वाजलेले असतील. तीन तास उशीर! आजच पाठवायला हवं."

"पण नोंदी तीनच आहेत तुझ्या. बाईंनी सात सांगितल्यात."

"तीन आहेत, पण खऱ्या आहेत. सात का नाहीत, ते मी लिहीन."

दुपारभर ती लिहीत होती. तिने स्टूल आणि दिव्याचे चित्र काढले, पाचही शेरे आणि त्यांच्या वजाबाक्या मांडल्या. धुळीमुळे दोन नोंदी कशा गेल्या आणि शेवटच्या दोन दिवसांच्या नोंदी का पाठवता येत नाहीत, हेही लपवले नाही. शेवटी तिने लिहिले :

'बाई, माझा आकडा खरा की खोटा हे तुम्हीच तपासून बघा. हा गृहपाठ मी आमच्या शुक्रवारी सहा वाजता पाठवते आहे. माझ्या हिशेबाने तेव्हा तुमच्याकडे शनिवारी रात्रीचे आठ वाजून वीस मिनिटे झालेली असतील. म्हणजे तो मुदतीच्या एकवीस तास चाळीस मिनिटे आधी मिळेल. तसे झाले नाही, तर मला लाल शेरा द्या आणि तय्यबला दुसरी जोडी द्या. तय्यबची यात काहीच चूक नाही.'

आजोबांनी पत्र वाचले. "असं आधीच लिहून ठेवायला धाडस लागतं," ते म्हणाले. "शास्त्रज्ञ हेच करतात. आधी सांगायचं की असं होईल, आणि मग निसर्गाला विचारायचं, झालं का?"

सहाचा ठोका पडला. टपाल सुटले. बारा मिनिटे जायला आणि बारा मिनिटे यायला. आई, आजोबा आणि सावनी पडद्यासमोर बसून राहिले.  सहा वाजून चोवीस मिनिटे झाली आणि शेरा उमटला. तो हिरवा होता.

'वेळेआधी : २१ तास ३७ मिनिटे.'

आईने सावनीला जवळ ओढले. सावनी मात्र पडद्याकडे बघत पुटपुटली, "चाळीस नाही. सदतीस आलं. तीन मिनिटं चुकली."

"चाळीस मंगळदिनांत तीन मिनिटं," आजोबा म्हणाले. "एका दिवसाला किती झाली?"

सावनीने बोटांवर मोजले. "तीन मिनिटं म्हणजे एकशे ऐंशी सेकंद. भागिले चाळीस... साडेचार सेकंद. म्हणजे मंगळदिन माझ्या आकड्याहून साडेचार-पाच सेकंदांनी मोठा आहे! साडेएकोणचाळीस मिनिटं आणि वर जवळजवळ पाच सेकंद!"

"आता मी माझा आकडा सांगतो," आजोबा हसत म्हणाले. "चोवीस तास, एकोणचाळीस मिनिटं, पस्तीस सेकंद. एक सळई आणि एक ताट घेऊन तू तिथवर पोचलीस."

तेवढ्यात तय्यबचा निरोप आला. तो इतक्या जोरात बोलत होता की आवाज फाटत होता. "सावने, हिरवा! आणि ऐक, माझ्या नोंदींत सावली रोज चोवीस तासांनीच येतीय, फक्त काही सेकंद मागंपुढं. तुझं आणि माझं शेजारी शेजारी लिहिलं की किती भारी दिसतंय! मला आधी वाटलं होतं तू कंटाळा करतेस. चुकलं माझं."

शेंडगे बाईंचे उत्तर दोन दिवसांनी आले. त्यांनी पाचही लाल शेरे पुसून टाकले होते आणि गृहपाठ-पेटीत सावनीसाठी मंगळदिनाची वेगळी दिनदर्शिका घातली होती. 'मुदत ठरवताना मी फक्त माझ्याच सूर्याचा विचार केला होता,' असे त्यांनी लिहिले होते. पुढे होते : 'येत्या महिन्यात चंद्रावरच्या वस्तीतली दोन मुले आपल्या वर्गात येत आहेत. त्यांच्याकडे तर एकदा सूर्य उगवला की जवळजवळ दोन आठवडे मावळत नाही. त्यांनी "रोज" नोंद करायची म्हणजे कधी करायची? पुढची कृती तू आणि तय्यब मिळून तयार करा. पृथ्वी, चंद्र आणि मंगळ, तिन्हीकडच्या मुलांना ती सारखीच करता आली पाहिजे.'

सावनीने उत्तर दोनदा वाचले. मग नव्या वहीचे कोरे पान उघडून तिने वर मोठ्या अक्षरांत लिहिले, 'दिवस हा शब्द न वापरता,' आणि संध्याकाळच्या टपालासाठी तय्यबला निरोप बोलायला सुरुवात केली, "ऐक तय्यब, मला एक सुचतंय. आधी तू सांग, तुझ्या नाडीचे एका मिनिटात किती ठोके पडतात?"